पिशवीच्या तोंडाला टाका: नाडी कुठे बसते, काय धरते

कागदावर दोनच शब्द होते: ओएस टाइटनिंग, म्हणजे गर्भाशयाच्या पिशवीचं तोंड टाक्याने आवळणं. शेजारी पुढच्या गुरुवारची तारीख, आणि खाली 'सकाळी उपाशीपोटी'. डॉक्टर तोंडी म्हणाल्या, "टांको लेवो पडशे," म्हणजे टाका घ्यावा लागेल, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. आमच्या धाकट्या दिरांची सून तो कागद घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली, तेव्हा तिला तेरावा आठवडा लागला होता. मागच्या वर्षी विसाव्या आठवड्यात तिचं बाळ गेलं. कळ नाही, रक्त नाही. दोन दिवस खाली जड जड वाटत होतं, कंबर भरून आली होती, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम पाणी गेलं.

चहा न घेताच तिने विचारलं, "काकू, पिशवी शिवतात म्हणजे बाळाला सुई नाही का लागत?"

मी अठ्ठावीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. या टाक्याचा ट्रे किती वेळा लावून दिला असेल, मोजलं नाही. पण टाका म्हणजे काय हे त्या बाईला समजावायची वेळ फारशी आली नाही. ती टेबलावर येते तोवर सही झालेली असते आणि तिला थंडी वाजत असते. म्हणून त्या दिवशी घरी बसून जे सांगितलं, तेच इथे लिहिते आहे. एक आधीच सांगते: हे डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी वाचायचं नाही, सल्ला कळावा म्हणून वाचायचं.

सासूबाईंचा पानाचा बटवा पलंगावर पडला होता. खणाचा, आत चुन्याची डबी, सुपारी आणि तो जड अडकित्ता. मी तो उचलला आणि उलटा धरला, तोंड खाली. बाईच्या पोटात पिशवी अशीच असते. आता सुपारी आणि अडकित्ता यांचं सगळं वजन तोंडावर, म्हणजे नाडीवर. कापड कितीही भक्कम असू दे, नाडी सैल असली तर आतलं सगळं फरशीवर येणार.

टाका घालतात तो या नाडीच्या जागी. कापडाला कोणी हात लावत नाही. बाळ तर कापडाच्याही आत, पाण्याने भरलेल्या पाणमोटीत असतं. सुई जाते ती तोंडाच्या जाड मांसातून, गोल गोल, बाहेरच्या बाजूने. मधल्या वाटेतही ती शिरू द्यायची नसते.

इथे बटव्याचं उदाहरण थोडं लंगडं पडतं, तेही सांगायला हवं. बटव्याचं तोंड म्हणजे एक कडा. गर्भाशयाचं तोंड मात्र एक नळी आहे, साधारण तीन ते चार सेंटीमीटर लांब. तर्जनीचं दीड पेर धरा. या नळीला वर, बाळाच्या बाजूला एक दार आहे आणि खाली, योनीच्या बाजूला दुसरं. खालचा भाग योनीत डोकावतो, डॉक्टरांना दिसतो, हाताला लागतो. वरचा भाग पुढून लघवीच्या पिशवीच्या आणि मागून आतड्याच्या आड लपलेला असतो. पुढची बरीचशी गोष्ट या लपलेल्या भागाची आहे.

पिशवी आणि तिचं तोंड एकाच वस्तूचे दोन भाग असले, तरी ते वेगवेगळ्या मालाचे बनलेले आहेत. पिशवी स्नायूची. ती ताणली जाते, आणि बाळंतपणात आवळते. तोंडात स्नायू अगदी थोडा, बाकी सगळे कोलॅजनचे चिवट तंतू, सुंभाच्या दोरीसारखे एकमेकांत गुंतलेले. स्नायू आवळून दार बंद ठेवतो असं इथे काही नसतं. दार मिटलेलं राहतं ते त्या विणीच्या घट्टपणामुळे. वाटेत चिकट स्रावाचं बूच असतं. ते खालच्या जंतूंना वर चढू देत नाही. नववा महिना भरत आला की वीण सैल होते, तंतूंच्या मध्ये पाणी शिरतं, तोंड कानाच्या पाळीसारखं मऊ होतं, आणि मग कळा येऊन ते उघडतं. आधी मऊ, मग कळा, असा तो क्रम आहे.

काही जणींची वीण मुळात कच्ची असते किंवा फार लवकर सुटायला लागते. पाचव्या महिन्यात बाळ अर्धा किलोचंही नसतं, पण बाळ, वार आणि पाणी मिळून ओझं रोज वाढतं. तोंड हळूहळू उघडतं आणि दुखत नाही, कारण कळाच नसतात. बाईला कळतं तेव्हा पाणमोट दारात आलेली असते. पूर्वी डॉक्टर याला इंग्रजीत 'इन्कॉम्पिटंट' तोंड म्हणायचे, म्हणजे नालायक. आता तो शब्द मागे पडून 'इन्सफिशियन्सी', म्हणजे अपुरेपणा, आला आहे. सासूबाईंच्या पिढीत 'तिचा गर्भ टिकत नाही' एवढंच म्हणायचे आणि पुढे कुलदैवताचा नवस बोलायचे.

उघडणं सुरू होतं ते वरून, आतल्या दाराकडून. हे कळलं की निम्मं कोडं सुटतं. खालून तपासणाऱ्या डॉक्टरांना बाहेरचं दार बंदच दिसतं, आणि वर मात्र नरसाळं तयार होत असतं. सोनोग्राफीवाले हे इंग्रजी अक्षरांनी सांगतात. आधी टी: वर आडवी रेघ म्हणजे पाणमोट, खाली उभा दांडा म्हणजे मिटलेली वाट. मग वाय, मग व्ही, शेवटी यू. दरवेळी खालचा दांडा आखूड होत जातो. हा उरलेला मिटलेला दांडा मोजायचा असतो. चोवीस आठवड्यांच्या आत तो २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर त्याला आखूड तोंड म्हणतात.

मोजायचं कसं, यावर मी जरा हट्टी आहे. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला लघवी भरून ठेवायला सांगतात, आणि भरलेली लघवीची पिशवी तोंडाला दाबून ते आहे त्यापेक्षा लांब दाखवू शकते. खरं माप योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत मिळतं, आणि तीही लघवी करून आल्यावर. त्याची लाज वाटते म्हणून बायका नको म्हणतात. आमची सूनही म्हणाली होती. मी तिला म्हटलं, दोन मिनिटांची लाज आहे, बाळाला धक्का लागत नाही, दुखतही नाही.

"पण माझंच तोंड कच्चं का?"

याचं उत्तर बहुतेक वेळा मिळत नाही. कधी तोंडावर आधी शस्त्रक्रिया झालेली असते, पॅप टेस्टमध्ये, म्हणजे तोंडावरच्या पेशींच्या तपासणीत, खराबी निघाली म्हणून शंकूसारखा तुकडा काढलेला असतो. कधी मागच्या बाळंतपणात ते फाटलेलं असतं, किंवा तोंड पूर्ण उघडल्यावर घाईने सिझेरियन करावं लागलेलं असतं. कधी ते पुन्हा पुन्हा ताणून उघडून क्युरेटिंग केलेलं असतं. काहींची पिशवीच जन्मतः वेगळ्या घडणीची असते, काहींच्या अंगातलं कोलॅजनच ढिलं असतं. आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. पाण्याची बादली उचलली, जिना चढली, मांडवीपर्यंत चालत गेली, गरम खाल्लं, हे त्यात कुठेच नाही. तिच्या सासूने, म्हणजे माझ्या जावेने, मागच्या वर्षी गणपतीत तिला पाट उचलायला लावला होता. ते दोघींच्याही मनात होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं की पाटाचा काही संबंध नाही.

आता टाका कुणाला? एक गट असा की जिचं आधी दुसऱ्या तिमाहीत असंच कळांविना बाळ गेलं आहे. तिला बाराव्या ते चौदाव्या आठवड्यात, तोंड अजून ठणठणीत असतानाच घालतात. त्याआधी का नाही? पहिल्या बारा आठवड्यांत पडणारे बरेच गर्भ मुळातच सदोष असतात, ते पडायचेच. नाडी आवळून ते आत कोंडून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून आधी ठोके, मग अकरा ते तेरा आठवड्यांची ती बाळाच्या मानेमागचा भाग मोजायची सोनोग्राफी, सगळं ठीक असेल तर टाका. दुसरा गट वाट पाहणारा. आधी बाळ लवकर झालं आहे, पण कारण नक्की नाही. मग सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत दर दोन आठवड्यांनी माप घ्यायचं, आखूड झालं तरच टाका. यातल्या बऱ्याच जणींना शेवटपर्यंत टाक्याची गरजच पडत नाही. तिसरा गट आणीबाणीचा: तोंड उघडलं आहे, पाणमोट दिसते आहे.

पहिलंच बाळ आहे, मागे काही घडलेलं नाही आणि सोनोग्राफीत तोंड आखूड निघालं, तर बहुधा आधी टाका नाही, रात्री योनीत ठेवायची प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची गोळी. जुळी आहेत एवढ्याच कारणासाठी टाका घालू नये. जुळ्यांत तोंड नुसतं आखूड दिसलं म्हणून घातलेल्या टाक्याने फायदा दिसलेला नाही, उलट नुकसानीची शंका घेतली गेली आहे. तिथे ओझं दुप्पट असतं, हे आपल्या बटव्याच्या हिशेबाला पटत नाही मला माहीत आहे. शरीर बटव्याचं सगळं ऐकत नाही.

टाका प्रत्येकीला वाचवतो असंही नाही. १९९३ साली एका मोठ्या अभ्यासाचे आकडे आले. त्यात १,२९२ बायका होत्या, आणि सगळ्या अशा की टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरांनाच खात्री नव्हती. टाका घातलेल्यांत ३३ आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्या शंभरात १३, न घातलेल्यांत १७. म्हणजे पंचवीस जणींना टाका, तेव्हा एकीचा फायदा. पण त्यातल्याच ज्यांनी तीन किंवा अधिक वेळा असं सोसलं होतं, त्यांच्यात हाच आकडा १५ आणि ३२ निघाला, निम्म्याहूनही कमी. नाडी खरोखर सैल असेल तिथेच ती आवळून उपयोग आहे, बाकी ठिकाणी आपण धडधाकट तोंडाला विनाकारण भोकं पाडतो. दोन वेळा सुरुवातीलाच गर्भ राहिला नाही म्हणून 'खबरदारीचा' टाका घातलेल्या बायका मी खूप पाहिल्या. तेव्हा ट्रे लावून दिला, आज विचारलं असतं.

गुरुवारी काय होणार, हे तिला बारीकसारीक ऐकायचं होतं. काही जणींना नको असतं, हिला हवं होतं.

पाठीत इंजेक्शन, कमरेखालचं अंग बधिर. पाय वर बांधतात. योनीत खालून चमच्यासारखं सिम्स स्पेक्युलम लावून वाट उघडी धरतात. तोंड दिसतं: गुलाबी, गुळगुळीत, मध्ये खळी. गोल टोकाच्या चिमट्यांनी ते हलकेच पुढे ओढून धरतात. मग ट्रेवरून मी द्यायचे ती पट्टी. पांढरी, विणलेली पॉलिएस्टरची, पाच मिलिमीटर रुंद, परकराच्या नाडीसारखी चपटी, दोन्ही टोकांना वाकड्या सुया. काही डॉक्टर नायलॉनसारखा जाड, गुळगुळीत एकेरी धागा घेतात. कोणता बरा यावर वर्षानुवर्षं वाद होता. २०२२ साली ब्रिटनमधल्या दोन हजारांवर बायकांच्या अभ्यासात बाळ जाण्याच्या प्रमाणात दोन्हींत फरक निघाला नाही.

तोंड म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. बाराच्या ठिकाणी, शक्य तितक्या वर, जिथे योनीची चामडी तोंडाला मिळते तिथे सुई आत घालायची. मांसात खोल, पण वाटेत नाही. थोडं पुढे जाऊन बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. असे चार-पाच घास घेत घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरून पुन्हा बारावर. तीन आणि नऊच्या ठिकाणी बाजूने रक्तवाहिन्या येतात, तिथे सुई जपून. पुढच्या बाजूला लघवीची पिशवी, तिच्यात शिरायचं नाही. मग दोन्ही टोकं ओढली की तोंड बटव्यासारखं चुणतं. ते चुणताना मी इतक्या वेळा पाहिलं, तरी दर वेळी नजर तिथेच जायची. गाठ इतकी घट्ट की बोटाचं टोक आत जाऊ नये, पण मांस पांढरं पडेल इतकी नाही. रक्त थांबलं तर पट्टी मांस कापत जाते. एकावर एक गाठी, आणि टोकं दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवायची, काढताना धरायला. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. बाळाचे ठोके आधी ऐकायचे, नंतर ऐकायचे.

हा झाला मॅक्डोनल्ड टाका, मेलबर्नचे इयान मॅक्डोनल्ड यांनी १९५७ साली मांडलेला. आज बहुतेक ठिकाणी हाच घालतात. पण पहिला मान आपल्या माणसाचा. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे. त्यांनी १९५५ साली मद्रासच्या एका वैद्यकीय मासिकात आपली पद्धत छापली. त्यांचं म्हणणं असं की उघडतं ते आतलं दार, मग नाडी आतल्या दाराशीच हवी. म्हणून ते समोरची चामडी चिरून लघवीची पिशवी वर सरकवत, मागेही चिरत, आणि पट्टी वरच्या भागाभोवती चामडीखालून फिरवत. सुरुवातीला पट्टी कसली, तर त्याच बाईच्या मांडीवरच्या पांढऱ्या, चिवट आवरणाची कापून घेतलेली फीत. स्वतःच्याच अंगाचा माल, बाहेरचं काही नाही. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, त्याच साली ते गेले. आमच्याकडे कुठलाही टाका असो, नातेवाईक 'शिरोडकर केलं' म्हणतात. त्यात आणखी घोळ म्हणजे अंग बाहेर येतं त्यावर त्यांचीच दुसरी एक शस्त्रक्रिया आहे, शिरोडकर स्लिंग. नाव एक, कामं दोन.

नाडी उंच हवी हा विचार पटतो. पण खालच्या वाटेने किती उंच जाता येतं, हा प्रश्न उरतो. २०२० साली आलेल्या एका अभ्यासाने त्यावर चांगला उजेड पाडला. शंभरावर बायका, सगळ्यांचा आधी योनीमार्गे घातलेला टाका फसलेला. त्यांना तीन प्रकारे टाके घातले. पोट उघडून अगदी वर आतल्या दाराशी टाका घातलेल्यांत ३२ आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्या शंभरात ८. खालच्या साध्या टाक्यात ३३. आणि गंमत बघा, योनीतूनच पण उंच घातलेल्या टाक्यात ३८. म्हणजे खालून चढून जितकं वर जाता येतं, तितकं या बायकांना पुरलं नाही.

पोटातून घातलेला टाका मात्र काढत नाहीत. तो पुढच्या खेपेलाही राहतो, आणि बाळंतपण सिझेरियननेच. दिवस राहण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला घालतात, आता दुर्बिणीनेही. तो पहिल्याच खेपेला कुणी मागू नये. एकदा खालचा टाका फसला, किंवा शस्त्रक्रियेत खालचा भागच कापला गेला असेल, तर तेव्हा विचारायची गोष्ट.

आणीबाणीचा टाका वेगळाच प्रकार आहे. पाणमोट फुग्यासारखी बाहेर डोकावत असते, सुई लागली तर संपलंच. टेबल डोक्याकडून खाली झुकवतात, लघवीची पिशवी पाण्याने भरतात म्हणजे ती पाणमोटीला वर ढकलते, कधी फोलीच्या, म्हणजे लघवीसाठी घालतात त्या नळीचा फुगा ओल्या बोटासारखा वापरून तिला आत सारतात आणि त्या फुग्याभोवती नाडी आवळून फुगा काढून घेतात. त्या वेळी थिएटरात कोणी बोलत नाही.

पण त्याआधी एक गोष्ट नीट पाहावी लागते, आणि इथे सासूबाईंनी बटवा माझ्या हातातून घेतला. म्हणाल्या, "आणि आतून कोणी ढकलत असेल तर?" अगदी बरोबर. नाडी ओझं धरते, धक्का धरत नाही. कळा सुरू झाल्या असतील तर आवळलेल्या नाडीवर आतून जोर येतो आणि कापड फाटतं, म्हणजे तोंड चिरतं. पाणमोटीत जंतू शिरले असतील तर टाका घालणं म्हणजे पू आत बांधून ठेवणं, त्यात आईचा जीव जाऊ शकतो. पाणी आधीच गेलं असेल, रक्त जात असेल, ताप असेल, तर टाका नाही. म्हणून डॉक्टर काही तास थांबतात, रक्त तपासतात, पोटावर हात ठेवून बसतात. बाहेर नातेवाईक ओरडतात की वेळ घालवताहेत.

टाक्यानंतर झोपून राहायचं का, हा प्रश्न जावेने विचारला. तिने पलंग खालच्या मजल्यावर हलवायचं ठरवूनही टाकलं होतं. मी नोकरीला नवी लागले, तेव्हा एका इस्पितळात आम्ही अशा बायकांच्या खाटेच्या पायथ्याखाली दोन दोन विटा लावायचो. पाय वर, डोकं खाली, तसंच महिना महिना, संडास-लघवी खाटेवर. एकीने मला विचारलं होतं, सिस्टर, विटा अजून किती दिवस? मी म्हटलं होतं, बाळासाठी एवढं कर. आज ते आठवलं की जीव थोडा होतो. कारण विटांचा उपयोग झाल्याचं पुढे कुठेच दिसलं नाही. तंतूंची वीण सुटते ती रसायनाने, झोपून ती थांबत नाही. उलट पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, स्नायू गळतात, मन तर आधी गळतं. आता सांगतात की दोन-तीन दिवस जरा बेताने, मग घरातलं नेहमीचं चालणं-फिरणं. जड ओझं, संबंध, स्कूटीवरचे खड्डे, याबद्दल आपल्या डॉक्टरांना सरळ विचारायचं, लाजायचं नाही. पलंग वरच राहिला.

पहिले एक-दोन दिवस थोडे डाग, थोडी कुरकुर चालते. पुढे पांढरं पाणी जरा वाढतं, कारण अंगाला परकी पट्टी बोचत असते. पण त्याला घाण वास आला, ताप आला, थंडी वाजली, पाण्याची धार लागली, ताजं रक्त दिसलं किंवा पोट दर थोड्या वेळाने दगडासारखं व्हायला लागलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

छत्तीस-सदतीस आठवड्यांना टाका काढतात. बहुधा भूल न देताच. स्पेक्युलम लावून, लांब ठेवलेलं टोक चिमट्याने धरून, गाठीखाली एका बाजूची पट्टी कात्रीने कापायची आणि ओढायची. दुखतं, पण क्षणभर. चामडीखाली पुरलेला शिरोडकर असेल तर कधी पुन्हा भूल लागते. सिझेरियन ठरलेलं असेल तर त्याच वेळी काढतात. टाका काढला की त्याच दिवशी बाळंत होणार अशी सगळ्यांची समजूत असते, आणि मग बाई आठवडा-दोन आठवडे तशीच फिरते, घरचे वैतागतात.

आणि कळा आधीच सुरू झाल्या तर टाका ताबडतोब कापायला हवा. हे मी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मोठ्याने सांगितलं, कारण तिचं माहेर जळगावचं आहे. आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होणार, ओटी भरणार, आणि बडोद्यात घातलेला टाका घेऊन ती जळगावला जाणार, वेगळ्या डॉक्टरांकडे. एक बाई मी अशीच पाहिली होती. रात्री तीनला कळा घेऊन आली, सासरची फाइल सासरीच, आई म्हणाली 'काहीतरी शिवलंय म्हणे', आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ते कळेपर्यंत पट्टीने तोंड एका बाजूने उभं चिरलं होतं. बाळ वाचलं, ती रक्ताच्या बाटल्यांवर वाचली.

म्हणून गुरुवारी संध्याकाळी, ती वॉर्डात परत आल्यावर, मी डॉक्टरांना विचारून तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं. मराठीत, खाली गुजरातीत, खाली इंग्रजीत: टाका आहे. मॅक्डोनल्ड. पट्टी एक. गाठ पुढे, बाराच्या ठिकाणी. घातल्याची तारीख. काढायची तारीख. कळा आल्या किंवा पाणी गेलं तर आधी टाका कापा. मग त्या पानाचा फोटो काढून तिच्या आईला, वडिलांना आणि भावाला पाठवला. भावाने अंगठ्याचं चित्र पाठवलं. मी त्याला फोन करून ते पान मोठ्याने वाचायला लावलं.